कामगार संघटना कशी उभारावी: कोणत्या क्षेत्रात कायदा कुठवर साथ देतो

"आम्हाला युनियन करता येते का?" हा प्रश्न कारखान्यातला कामगार विचारतो, रुग्णालयातली परिचारिका विचारते, संगणक कंपनीतला अभियंता विचारतो आणि चार घरची धुणीभांडी करणारी बाईही विचारते. मोजके अपवाद सोडले, तर या सर्वांसाठी उत्तर एकच आहे: करता येते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ग) ने प्रत्येक नागरिकाला संघटना वा संघ स्थापन करण्याचा मूलभूत हक्क दिला आहे, आणि देशाची सार्वभौमता व एकात्मता, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा नीतिमत्ता यांच्या हितासाठी घातलेल्या वाजवी निर्बंधांखेरीज त्यावर सरकारला बंधन घालता येत नाही. खरा प्रश्न त्यापुढचा आहे, आणि तो विचारला न गेल्यामुळे अनेक चांगल्या संघटना पहिल्याच वर्षी कोलमडतात: संघटना स्थापन झाल्यावर कायदा तिला नेमके काय देतो?

संघटना स्थापन करणे, तिची नोंदणी करणे, तिला वाटाघाटीसाठी मान्यता मिळणे आणि तिने संप करणे या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे नियमही वेगवेगळे आहेत. पहिली गोष्ट मूलभूत हक्कात येते. उरलेल्या तीन कायद्याने दिलेल्या आहेत, म्हणजे कायदा जितक्या देईल तितक्याच. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटनेच्या खटल्यात हे स्पष्ट केले, की संघ स्थापन करण्याच्या हक्कात परिणामकारक सामूहिक वाटाघाटीचा किंवा संपाचा हक्क आपोआप सामावलेला नाही. हा निकाल कामगारांच्या बाजूने विचार करणाऱ्या कोणालाही बोचणारा आहे, परंतु तो आजही पाया म्हणून कायम आहे आणि तो ध्यानात ठेवूनच पुढचे प्रत्येक पाऊल आखावे लागते.

कोणता कायदा पाहायचा

जवळपास शतकभर नोंदणीचा कायदा म्हणजे ट्रेड युनियन ॲक्ट या नावाने सर्वांना परिचित असलेला श्रमिक संघ अधिनियम, १९२६ होता. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९२६ चा हा कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा व १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा हे तिन्ही तिच्यात विलीन झाले. महाराष्ट्रात याखेरीज राज्याचा स्वतःचा कायदा आहे: महाराष्ट्र कामगार संघ मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियम, १९७१. कामगार चळवळीत त्याला सगळे 'एमआरटीयू' म्हणतात. संहितेने रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत त्याचे नाव नाही. तो गोव्यात लागू नाही, त्यामुळे सिंधुदुर्गातल्या कारखान्याला जे सूत्र लागू पडते ते वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीला जसेच्या तसे लावू नये. केंद्राची संहिता आणि राज्याचा १९७१ चा कायदा यांत जिथे विसंगती दिसेल, तिथे अर्ज करण्याच्या दिवशी कोणती तरतूद लागू धरली जात आहे हे कामगार आयुक्त कार्यालयात लेखी विचारून घ्यावे आणि ते उत्तर फायलीला लावून ठेवावे.

नोंदणी का करावी

नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी न करताही दहा कामगार एकत्र येऊन व्यवस्थापनाला पत्र लिहू शकतात. तरीही नोंदणी करावी असे ठामपणे सांगण्यामागे इतिहास आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, त्यांच्या मागण्या सरकारपुढे मांडल्या, आणि पुढे रविवारची सुट्टी मिळवण्यात त्यांचा मोठा वाटा होता; पण त्या काळी संघटनेला कायद्याचे कवच कोणतेच नव्हते. त्याची किंमत पुढे मद्रासमध्ये मोजावी लागली. १९१८ साली स्थापन झालेल्या मद्रास लेबर युनियनच्या नेत्यांविरुद्ध बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या मालकांनी न्यायालयात जाऊन मनाईहुकूम मिळवला. कामगारांना एकत्र करणे म्हणजे त्यांना नोकरीचा करार मोडायला लावणे, असा तो दावा होता. या प्रकरणानंतर १९२१ साली नारायण मल्हार जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात संघटनांना संरक्षण देणाऱ्या कायद्याची मागणी केली, आणि त्यातून १९२६ चा कायदा आला.

त्या कायद्याचा गाभा संहितेतही टिकला आहे. नोंदणीकृत संघटनेच्या सदस्यांनी व पदाधिकाऱ्यांनी संघटनेच्या कायदेशीर उद्दिष्टांसाठी आपसात ठरवलेल्या कृतीला, ती कृती स्वतःच गुन्हा नसेल तर, फौजदारी कट म्हणता येत नाही. तसेच औद्योगिक विवादाच्या संदर्भात केलेल्या कृतीमुळे कोणी नोकरीचा करार मोडला वा मालकाच्या धंद्याला अडथळा आला, एवढ्याच कारणावरून संघटनेवर दिवाणी दावा चालत नाही. याशिवाय संघटनेला स्वतंत्र कायदेशीर व्यक्तिमत्त्व मिळते: ती स्वतःच्या नावाने मालमत्ता बाळगू शकते, बँकेत खाते उघडू शकते, दावा दाखल करू शकते. नोंदणी नसलेल्या गटाच्या बाबतीत हे सर्व दोन-चार माणसांच्या नावावर राहते आणि पहिला आघातही त्यांच्यावरच होतो.

नोंदणीची तयारी

अर्जावर किमान ७ सदस्यांच्या सह्या लागतात. परंतु केवळ सात सह्यांवर नोंदणी मिळत नाही. ज्या आस्थापनेशी किंवा उद्योगाशी संघटना संबंधित आहे तिथल्या कामगारांपैकी किमान १० टक्के किंवा १०० जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तितके, अर्जाच्या दिवशी सदस्य असावे लागतात. म्हणजे ६०० कामगारांच्या कारखान्यात ६० सदस्य, ५,००० कामगारांच्या कंपनीत १००, आणि ४० जणांच्या कार्यशाळेत दहा टक्के म्हणजे चारच होत असले तरी किमान ७. हा आकडा नोंदणीनंतरही कायम राखावा लागतो. म्हणून अगदी काठावरच्या संख्येवर अर्ज करू नये. अर्ज गेल्याची कुणकुण लागताच व्यवस्थापन काही जणांना बोलावून घेईल आणि त्यांतले काही मागे हटतील, हे गृहीत धरूनच सदस्यसंख्या वाढवावी. अर्जानंतर अर्जदारांपैकी काहींनी अंग काढून घेतले, तरी ते निम्म्यापेक्षा जास्त नसतील तर अर्ज अवैध ठरत नाही, हे सह्या करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे एकाच्या माघारीने बाकीचे घाबरत नाहीत.

सुरुवातीच्या बैठका कामाच्या वेळेत आणि कामाच्या जागी घेऊ नयेत. कंपनीचा ई-मेल, कंपनीने दिलेला फोन आणि कंपनीच्या लोकांनी बनवलेले व्हॉट्सॲप गट यांवर संघटनेची कोणतीही चर्चा करू नये. प्रत्येक खात्यातला, प्रत्येक पाळीतला निदान एक विश्वासू माणूस सोबत असावा, आणि स्त्रिया काम करत असतील तर पहिल्या बैठकीपासून त्यांना बोलावावे. नंतर 'महिला प्रतिनिधी' म्हणून एखादे नाव जोडणे हा त्यांच्यावरही आणि संघटनेवरही अन्याय आहे.

त्यानंतर सर्वसाधारण सभा घ्यावी. या सभेत तीन ठराव व्हावे लागतात: संघटना स्थापन करण्याचा व तिची घटना स्वीकारण्याचा, पदाधिकारी निवडण्याचा, आणि नोंदणीसाठी अर्ज करण्याचा अधिकार ठराविक सदस्यांना देण्याचा. सभेचे इतिवृत्त त्याच दिवशी लिहावे, उपस्थितांच्या सह्या त्याच वहीत घ्याव्यात आणि पाने क्रमांकित करावीत. पुढे मान्यतेचा किंवा बडतर्फीचा वाद न्यायालयात गेला, की संघटना खरोखर कधी अस्तित्वात आली आणि बडतर्फ केलेला कामगार तिचा पदाधिकारी होता का, हे ठरवायला ही वही कोणत्याही भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडते.

घटना लिहिताना दुसऱ्या संघटनेची घटना उतरवून घेण्याची प्रथा आहे. ती वाईट नाही, मात्र ती वाचून समजून घ्यावी. संघटनेचे नाव व उद्दिष्टे, निधी कोणत्या कामांसाठी वापरायचा, सदस्यांची यादी कोठे ठेवायची आणि ती कोण पाहू शकतो, सदस्यत्वाची पात्रता, वर्गणी, पदाधिकाऱ्यांची निवडणूक व त्यांना हटवण्याची रीत, वार्षिक सभा, हिशेबाची तपासणी, नियम बदलण्याची आणि संघटना विसर्जित करण्याची पद्धत हे सर्व त्यात असावे लागते. राजकीय कामासाठी वेगळा निधी उभारता येतो, परंतु त्यात पैसे देण्याची सक्ती कोणत्याही सदस्यावर करता येत नाही, आणि न देणाऱ्याला इतर लाभांपासून वंचित ठेवता येत नाही. महाराष्ट्रात बहुतेक संघटना कोणत्या ना कोणत्या पक्षाच्या वा महासंघाच्या छायेत असल्यामुळे हे कलम घटनेत स्वच्छ शब्दांत असू द्यावे.

पदाधिकाऱ्यांत बाहेरचे किती असावेत यावरही मर्यादा आहे. संघटित क्षेत्रात एकूण पदाधिकाऱ्यांपैकी एक तृतीयांश किंवा ५, यांपैकी कमी असलेल्या संख्येपलीकडे बाहेरचे लोक घेता येत नाहीत; असंघटित क्षेत्रात निम्मे पदाधिकारी प्रत्यक्ष काम करणारे असले तरी चालते. १८ वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती पदाधिकारी होऊ शकत नाही आणि मंत्रीपदावर असलेल्यालाही हे पद घेता येत नाही. बाहेरच्या अनुभवी नेत्याची गरज खरी असते, कारण त्याला नोकरीवरून काढण्याची धमकी देता येत नाही. परंतु सरचिटणीस किंवा खजिनदार यांपैकी एक पद तरी आतल्या कामगाराकडे असावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण पैसा व कागद दोन्ही बाहेर गेले की पुढे सदस्यांना आपल्याच संघटनेचा हिशेब मागण्यासाठी निबंधकाकडे अर्ज करावा लागतो.

अर्ज कामगार संघटनांच्या निबंधकाकडे करायचा असतो. महाराष्ट्रात हे काम कामगार आयुक्तांच्या यंत्रणेतून चालते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातले कामगार भवन हे त्याचे मुख्य ठिकाण आहे आणि विभागीय पातळीवर त्या त्या कार्यालयांत अर्ज स्वीकारले जातात. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र, घटनेची प्रत, ठरावांच्या प्रती, अर्जदारांची नावे, व्यवसाय व पत्ते आणि पदाधिकाऱ्यांचे वय, पत्ता व व्यवसाय यांचा तपशील द्यावा लागतो. अर्जाची पोच तारखेसह घ्यावी. निबंधकाने त्रुटी काढल्यास त्या लेखी मागाव्यात व लेखी पूर्ण कराव्यात. अर्ज फेटाळला तर त्याविरुद्ध औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. जुन्या कायद्याखाली वैध नोंदणी असलेल्या संघटना संहितेखाली नोंदणीकृत मानल्या जातात, मात्र आपली घटना संहितेनुसार अद्ययावत केल्याचे निवेदन त्यांनी निबंधकाकडे सादर करायचे आहे. जुन्या संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी एवढे काम तरी पुढे ढकलू नये.

आपण कोणत्या क्षेत्रात काम करतो

खासगी कारखान्यातला कायम कामगार या बाबतीत सर्वांत सुरक्षित आहे, म्हणून त्याच्याविषयी थोडक्यात इतकेच, की वरचे सर्व त्याला पूर्णपणे लागू होते.

कंत्राटी कामगारांचा प्रश्न अवघड आहे. संघटना करण्याचा त्यांचा हक्क कायम कामगारांइतकाच आहे, परंतु मालक कोण यावरच वाद घातला जातो. १९७१ च्या कायद्याखाली तक्रार करायची तर मालक-कामगार नाते निर्विवाद असावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सिप्ला आणि कल्याणी स्टील्स या दोन्ही प्रकरणांत सांगितले. त्यामुळे मुख्य कंपनीविरुद्ध अनुचित प्रथेची, म्हणजे संघटनेमुळे धमकावणे, काढणे अशा वागण्याची तक्रार थेट नेली, की ती या मुद्द्यावर अडते. आधी औद्योगिक विवाद उभा करून न्यायाधिकरणाकडून नाते ठरवून घेणे हा लांबचा पण टिकाऊ मार्ग आहे. मुंबई महापालिकेच्या कचरा उचलणाऱ्या, कागदोपत्री कंत्राटदारांच्या असलेल्या २,७०० कामगारांसाठी कचरा वाहतूक श्रमिक संघाने हाच मार्ग धरला. न्यायाधिकरणाने २०१४ साली त्यांना कायम करण्याचा निवाडा दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. याची जमेची आणखी एक बाजू म्हणजे कायम कामगारांची संघटनाही कंत्राटी कामगारांच्या वतीने विवाद उभा करू शकते. स्टँडर्ड व्हॅक्यूम या मुंबईतल्या तेलशुद्धीकरण कंपनीच्या कामगारांनी १९६० साली हे सर्वोच्च न्यायालयात सिद्ध केले. म्हणून जिथे शक्य असेल तिथे कंत्राटी कामगारांनी वेगळी चूल मांडण्याआधी कायम कामगारांच्या संघटनेचे दार ठोठवावे, आणि त्या संघटनेने ते उघडावे.

संगणक कंपन्या, बँका, विमा कंपन्या, मॉल आणि कॉल सेंटर यांतले अनेक जण स्वतःला 'कर्मचारी' समजतात व युनियन आपल्यासाठी नाही असे मानतात. संहितेत पर्यवेक्षकीय काम करणाऱ्या व दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणाऱ्या व्यक्तीला 'कामगार' या व्याख्येतून वगळले आहे हे खरे; पण संघटनांविषयीच्या प्रकरणापुरती ही मर्यादा लागूच नाही. तिथे व्यापार वा उद्योगात नेमलेली प्रत्येक व्यक्ती कामगार धरली आहे. म्हणजे दरमहा लाख रुपये मिळवणारा अभियंता संघटनेचा सदस्य व पदाधिकारी होऊ शकतो. त्याला कामावरून काढले तर तो वैयक्तिक विवाद नेऊ शकेल का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर हुद्द्याच्या नावावर नव्हे तर तो प्रत्यक्षात कोणते काम करत होता यावर ठरते. 'टीम लीड' किंवा 'सहायक व्यवस्थापक' असे नाव देऊन कोणाचेही कामगारपण संपत नाही. म्हणून आपल्या रोजच्या कामाचे स्वरूप दाखवणारे कागद, म्हणजे कामवाटपाचे ई-मेल, रजा मंजूर करण्याचा अधिकार आपल्याला नव्हता हे दाखवणाऱ्या नोंदी, कंपनीची गोपनीयता न मोडता जपून ठेवावेत. वैद्यकीय प्रतिनिधी व श्रमिक पत्रकार यांचा समावेश संहितेने कामगाराच्या व्याख्येत नावानिशी केला आहे, त्यामुळे त्यांना हा वाद घालावाच लागत नाही.

शिक्षकांची स्थिती निराळी आहे. गोव्यातल्या एका शाळेतील शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली सांगितले, की शाळा हा उद्योग असला तरी शिकवण्याचे काम करणारी व्यक्ती औद्योगिक विवाद कायद्याखालची कामगार नाही. शिक्षकांनी संघटना जरूर करावी, आणि महाराष्ट्रात त्यांच्या संघटना फार जुन्या व प्रबळ आहेत. परंतु खासगी शाळेतील शिक्षकाच्या बडतर्फीचा वाद १९७७ च्या कायद्याने नेमलेल्या शाळा न्यायाधिकरणात जातो, कामगार न्यायालयात नाही. त्याच शाळेतील शिपाई, लिपिक, बसचालक यांची गोष्ट वेगळी आहे: ते शिकवण्याचे काम करत नसल्यामुळे तो निकाल त्यांना कामगारांतून वगळत नाही. रुग्णालयांतल्या परिचारिका व इतर कर्मचाऱ्यांनी आपली संस्था धर्मादाय आहे का, हे पाहावे. १९७८ च्या बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या निकालाने रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि धर्मादाय संस्थादेखील उद्योगाच्या व्याख्येत आणल्या होत्या. संहितेने मात्र पूर्णतः किंवा प्रामुख्याने धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवा करणाऱ्या संस्थांना त्यातून बाहेर काढले आहे. माझ्या मते हा बदल कामगारांचे मोठे नुकसान करणारा आहे, कारण धर्मादाय रुग्णालयातल्या आयाबाईचे काम खासगी रुग्णालयातल्या आयाबाईपेक्षा कमी कष्टाचे नसते.

सरकारी नोकरांना संघटना करता येते, पण मंत्रालयातले वा तहसील कार्यालयातले, म्हणजे सार्वभौम कामे करणारे कर्मचारी सहसा संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी करतात आणि शासनाकडून मान्यता घेतात. केंद्र सरकारच्या १९९३ च्या नियमांनुसार मान्यतेसाठी संबंधित वर्गातील ३५ टक्के सदस्यत्व लागते. मान्यता नसलेल्या संघटनेत जाण्यास सरकारी नोकराला बंदी घालणारा नियम मात्र टिकला नाही: मुंबईच्या महालेखापाल कार्यालयातील एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो घटनाबाह्य ठरवला. संपाबाबत न्यायालय कठोर आहे. तमिळनाडूतील कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा कोणताही मूलभूत, कायदेशीर वा नैतिक हक्क नसल्याचे म्हटले, आणि महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ यांतही संपाला मनाई आहे. तरीही १९७७-७८ सालचा ५४ दिवसांचा संप आणि जुन्या निवृत्तिवेतनासाठी मार्च २०२३ मध्ये झालेला आठवडाभराचा संप राज्याने पाहिला आहे. अशा संपात उतरणाऱ्याने तो निर्णय परिणामांची पूर्ण जाणीव ठेवून घ्यावा. महापालिका, बेस्ट, एसटी अशा सेवांतील कामगारांना हा वर्तणूक नियमांचा अडसर तशाच स्वरूपात नाही. ते कामगार कायद्यांखाली येतात, मात्र अत्यावश्यक सेवांच्या कायद्याने त्यांचा संप रोखता येतो.

सैन्यदले, पोलीस आणि गुप्तवार्ता यंत्रणा हे खरे अपवाद. संविधानाचा अनुच्छेद ३३ संसदेला त्यांचे हक्क मर्यादित करण्याची मुभा देतो, आणि पोलिसांसाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा परवानगीवाचून कामगार संघटनेचे सदस्य होण्यास मनाई करतो.

ज्यांचा एक मालक नाही

घरकामगार, फेरीवाले, कचरावेचक, हमाल, ऊसतोड मजूर, बांधकाम मजूर यांना "तुमचा मालक कोण?" असे विचारून परत पाठवण्याची खोड जुनी आहे. अहमदाबादमध्ये इला भट यांनी १९७२ साली स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांची 'सेवा' ही संघटना नोंदवायला नेली, तेव्हा मालकच नाही तर युनियन कोणाविरुद्ध, असा आक्षेप घेण्यात आला. संघटना कोणाविरुद्ध असावी लागत नाही, ती कष्टकऱ्यांच्या ऐक्यासाठी असते, हा त्यांचा युक्तिवाद अखेर मान्य झाला. पुण्यात १९९३ साली उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत हे याच वाटेवरचे आपल्याकडचे मोठे उदाहरण आहे. कचरावेचकांना ओळखपत्र मिळवून देण्यापासून सुरुवात करून २००८ साली त्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली.

संहितेने 'उद्योग' या व्याख्येतून घरगुती सेवा वगळली असली, तरी संघटनांविषयीच्या प्रकरणात असंघटित कामगारांना नावाने समाविष्ट केले आहे, आणि असंघटित कामगारांविषयीच्या २००८ च्या कायद्यातील व्याख्येत घरकामगारही येतात. हे वाक्य घरकामगार संघटनेच्या अर्जासोबत स्वतंत्र टिपण म्हणून जोडावे. एकच आस्थापना नसल्यामुळे दहा टक्के कशाचे मोजायचे हा वाद टाळण्यासाठी सरळ १०० सदस्य करून अर्ज करणे सर्वांत शहाणपणाचे. सदस्याचे छायाचित्र, कामाचा भाग आणि वर्गणीची पावती एवढे प्रत्येकीचे असावे. महाराष्ट्रात घरकामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे आणि माथाडी व हमालांसाठी १९६९ चा कायदा आहे, ज्याखालील मंडळांवर कामगारांचे प्रतिनिधीही बसतात. अशा मंडळातली नोंदणी ही संघटनेच्या नोंदणीला पर्याय नाही, दोन्ही कराव्यात.

ॲपवरून जेवण पोहोचवणारे आणि गाडी चालवणारे यांना सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने प्रथमच कायद्यात नाव दिले, आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्यासाठीच्या निधीत द्यावी अशी तरतूद केली. सामूहिक वाटाघाटीविषयी त्या संहितेत त्यांच्यासाठी काही नाही. त्यांनी असंघटित, स्वयंरोजगारित कामगार म्हणून संघटना नोंदवावी आणि कंपनीने खाते बंद केल्याच्या, दर बदलल्याच्या, अपघाताच्या नोंदी तारखेनिशी गोळा कराव्यात. कंपनी त्यांना 'भागीदार' म्हणते, म्हणून ते कामगार नाहीत असे ठरत नाही.

मान्यता मिळवणे

नोंदणी आणि मान्यता यांतला फरक मुंबईने १९८२ साली फार मोठी किंमत मोजून पाहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली उतरले, परंतु १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली प्रातिनिधिक संघटना म्हणून राष्ट्रीय मिल मजदूर संघालाच स्थान होते, आणि मालकांनी व सरकारने वाटाघाटी करायच्या तर कायद्याने त्यांच्याशीच करायच्या होत्या. हा कायदा रद्द करावा ही त्या संपातली एक मागणीच होती. कामगार एका बाजूला आणि कायद्याने मानलेला प्रतिनिधी दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती आपल्या कारखान्यात येऊ नये यासाठी मान्यतेची तयारी नोंदणीच्या दिवसापासूनच करावी.

१९७१ च्या कायद्याखाली ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत, अर्जापूर्वीच्या सहा महिन्यांत सलग किमान ३० टक्के सदस्यत्व असलेल्या संघटनेला औद्योगिक न्यायालयाकडे मान्यतेचा अर्ज करता येतो. संहितेची पद्धत वेगळी आहे: हजेरीपटावरील ५१ टक्के कामगार ज्या संघटनेचे, ती एकमेव वाटाघाटी संघटना, कोणाकडेच तेवढे नसतील तर २० टक्क्यांहून कमी नसलेल्या संघटनांच्या प्रतिनिधींची वाटाघाटी परिषद. दोन्हींसाठी पुरावा एकच लागतो, तो म्हणजे महिन्या-महिन्याची वर्गणी, पावतीपुस्तकाची प्रतिपत्रे आणि बँकेतला भरणा. सहा महिन्यांची वर्गणी एका दिवशी गोळा करून मागच्या तारखा घालणारी संघटना उलटतपासणीत टिकत नाही.

व्यवस्थापनाने उलट कारवाई केली तर

संघटनेत जाऊ नये म्हणून धमकावणे, गेल्याबद्दल काढणे वा दूर बदली करणे, मालकाच्या पुढाकाराने दुसरी संघटना उभी करणे, कामगार संघटित होत असतानाच ऐक्य मोडण्यासाठी पगारवाढ वाटणे, हे सर्व अनुचित कामगार प्रथांच्या यादीत येते. शेवटचा प्रकार ओळखायला सर्वांत कठीण, कारण हातात पैसे पडलेले असतात. संहितेखाली अनुचित प्रथेसाठी १०,००० ते २ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याचा लाभ असा, की कामगार वा संघटना सरकारच्या परवानगीची वाट न पाहता थेट न्यायालयात तक्रार करू शकते आणि अंतरिम आदेश मागू शकते. बडतर्फीसारख्या प्रकरणांत कामगार न्यायालयाकडे, इतर बहुतेक प्रकरणांत औद्योगिक न्यायालयाकडे. मुदत ९० दिवसांची आहे. "साहेब परत घेतो म्हणाले आहेत" या आशेवर ही मुदत अनेकदा निघून जाते, म्हणून तोंडी आश्वासन मिळाले तरी तक्रारीचा मसुदा दुसऱ्याच आठवड्यात तयार ठेवावा.

विवाद प्रलंबित असताना काही पदाधिकाऱ्यांना 'संरक्षित कामगार' म्हणून विशेष संरक्षण मिळते. एकूण कामगारांच्या १ टक्का, किमान ५ आणि कमाल १०० अशी त्यांची संख्या असते. त्यांची नावे संघटनेने व्यवस्थापनाला लेखी कळवावी लागतात. चौकशीची चार्जशीट मिळाली तर मुदतीत लेखी उत्तर द्यावे, रागाच्या भरात कागद नाकारू नये आणि गेटवर वरिष्ठांना शिवीगाळ होणार नाही याची जबाबदारी पदाधिकाऱ्यांनी घ्यावी, कारण संघटनेमुळे केलेली कारवाई शिस्तभंगाची म्हणून दाखवायला व्यवस्थापनाला तेवढे निमित्त पुरते.

संपाविषयी

संहितेनुसार आता कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस लागते. पूर्वी हे बंधन सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांपुरते होते. नोटीस मिळाल्यावर समेट अधिकाऱ्याने, म्हणजे वाद मिटवण्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने, पहिली बैठक घेतली की समेटाची कार्यवाही सुरू झाली असे मानले जाते, आणि ती चालू असताना व त्यानंतर ७ दिवस संप करता येत नाही. न्यायाधिकरणापुढे प्रकरण असेल तर ते संपल्यावर ६० दिवस. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो संप धरला जातो. बेकायदा संपासाठी १,००० ते १०,००० रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. ही तरतूद संपाचा हक्क कागदावर ठेवून प्रत्यक्षात तो वापरता येऊ नये अशी आखली आहे, असे मला स्पष्ट दिसते, आणि कामगार संघटनांनी तिच्याविरुद्ध लढत राहावे. पण लढा चालू असताना आपल्या सदस्यांना तारखांच्या चुकीमुळे तुरुंगात वा घरी बसावे लागू नये, यासाठी नोटीस देण्यापूर्वी मागणीपत्र, त्याची पोच, व्यवस्थापनाचे उत्तर आणि चालू वेतन कराराची मुदत यांची एक तारीखवार नोंद तयार करून ती कार्यकारिणीत वाचावी.

नोंदणीचे प्रमाणपत्र हातात आल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात चार कामे उरकून घ्यावीत. संघटनेच्या नावाने बँकेत खाते उघडावे आणि त्यावर किमान दोघांच्या सह्या ठेवाव्यात. प्रमाणपत्राची प्रत व पदाधिकाऱ्यांची यादी व्यवस्थापनाला नोंदणीकृत टपालाने पाठवावी. कामगार कपातीची भीती असेल तर मागणीपत्र त्याच पत्रासोबत न देता सदस्यांत चर्चा करून स्वतंत्रपणे द्यावे. आणि निबंधकाकडे दरवर्षी पाठवायच्या वार्षिक विवरणाची जबाबदारी एका नावावर टाकावी, कारण विवरण न भरल्याने नोंदणी रद्द होण्याची वेळ येते ती बहुधा नेमकी करार तोंडावर आलेला असताना.